सैतानाचा फ्लेक्स

एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी विषय घेतला तो असा: परदेशी वर्तमानपत्रांनी यझिदींचं चित्र कसं रंगवलं. यझिदी म्हणजे इराकच्या डोंगराळ भागातला एक लहान धर्मसमाज. मोराच्या रूपातल्या देवदूताला ते मानतात. जुन्या वार्ताहरांनी मात्र शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून ऐकून त्यांना 'सैतानपूजक' ठरवलं आणि पुढची वर्तमानपत्रं एकमेकांचं बघून तेच छापत राहिली.

माझा निबंध नांदेडच्या परिसंवादासाठी निवडला गेला. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे चुलत्यांना राहवलं नाही. मला न विचारता त्यांनी नायगावच्या स्टँडसमोर फ्लेक्स लावला. वर नेत्यांचे फोटो, खाली गावातली पोरं, मध्ये हात जोडून मी. माझ्या खांद्यामागून शिंगं असलेला लाल सैतान दात विचकत होता. मजकूर: 'सैतानपूजेवरील संशोधनाबद्दल हार्दिक अभिनंदन'.

दुसऱ्या दिवशी मुदखेडचे पाहुणे बहिणीला बघायला येणार होते, तेही त्याच स्टँडवरून. तिला हे स्थळ मनापासून हवं होतं, कारण लग्नानंतरही तिला शिकू द्यायला ते लोक तयार होते.

मी चुलत्यांना समजावलं की ते लोक सैतान पुजत नाहीत, माझा सगळा निबंध तेच सांगतो.

"पेपरात आलतं ना?"

"हाव काका, पण खोटं."

"आरं, खोटं असतं तर इतक्या वर्षांत कुणी खुलासा छापला नसता का?"

मी निबंध उघडून असा खुलासा शोधला. एकही नव्हता.

फ्लेक्स उतरवायला ते तयार होईनात. नेत्याचा फोटो खाली आला तर गावात भलतंच राजकारण झालं असतं. शेवटी फ्लेक्सवाल्याने सैतानावर मोर चिकटवला आणि 'सैतान'वर 'मयूर'.

पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि म्हणाले, "मोर म्हणजे सरस्वतीचं वाहन. म्हणजे ते लोक आपल्यातलेच की."

कुणाला न विचारता त्याच्याबद्दल बोलू नये, हे मी निबंधात पानोपानी लिहिलं होतं. मी तोंड उघडलं. दाराशी उभ्या बहिणीने माझ्याकडे पाहिलं.

"हाव," मी म्हणालो, "जवळपास."

स्थळ जमलं. यझिदींबद्दल ऐकीव माहिती पसरवणाऱ्यांची यादी मी निबंधाला जोडली आहे. तिच्यात स्वतःला कुठे घालावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.