अण्णांचा अंगठा

मी इंग्लंडला निघाले त्या दिवशी अण्णा, माझे वडील, नगरच्या एसटी स्टँडवर दोन वेगळ्या चपला घालून आले होते. डाव्या पायात नेहमीची, उजव्या पायात स्वतः कापलेली. साखरेच्या आजारात अंगठ्याला झालेली जखम भरत नव्हती. तिला घासू नये म्हणून त्यांनी तेवढं चामडं काढून टाकलं होतं. भिंगारला लष्कराच्या कारखान्यात ते तंबू शिवत, कातर त्यांच्या रोजच्या हातातली होती.

"चार माणसांत असला अवतार करून आलात," आई पुटपुटली.

"आसू दे की. जखमाच शिकायला चाललीय ती."

मुंबईची गाडी हलली तेव्हा मी हसत होते. ते हसू आता आठवतं आणि नको वाटतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझ्या भिंगारच्या जुन्या सोबत्यांनो, तुमच्यापैकी जे तिथेच राहिले त्यांनी मला तेव्हा पुष्कळदा विचारलं, तिकडे नेमकं करतेस काय? नीट सांगायचं राहून गेलं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा लहानसा तुकडा. आमच्याकडे असे दोन तुकडे प्रयोगशाळेत तयार केलेले होते. एकामुळे जखमेकडे नव्या रक्तवाहिन्या वाढतात, दुसऱ्यामुळे पेशी पुढे सरकतात, असा अंदाज होता. दोन्ही एकत्र दिले तर काय होईल, हा माझा विषय. काही उंदरांना एक, काहींना दुसरा, काहींना दोन्ही, आणि काहींना तुलनेसाठी नुसतं मिठाचं पाणी.

रविवारी अण्णा बाजारातल्या फोन बूथवर येऊन बसत.

"सुजे, उंदरं काय म्हनत्यात?"

"भरतायत जखमा, अण्णा. दोन्ही दिलेल्यांच्या सगळ्यांत लवकर."

"ऐकलं का," ते बूथवाल्याला सांगत, "उंदरं बरी झाली. आता नंबर आपला."

"अण्णा, माणसांपर्यंत यायला वर्षं लागतात. कदाचित येणारही नाही. डॉक्टर सांगतील तसं करा."

"व्हय व्हय. लई शिकवू नको. जय भीम."

आमच्या घरी एक रीत होती. शिकणाऱ्याला घरचं वाईट कळवायचं नाही. आजी गेली तेव्हा मी बारावीची परीक्षा देत होते; मला सांगितलं ते शेवटचा पेपर झाल्यावर. या रीतीचा अण्णांना अभिमान होता. पहिल्या पिढीत शिकलेल्या माणसाला घरात असंच जपतात.

त्याच रीतीनं मला कळलं नाही की दवाखान्यात अंगठा काढायला सांगितलाय. कळलं नाही की अण्णा डॉक्टरांना म्हणाले, "लेक औषध करतीय. जरा दम धरा." माझं सगळं बोलणं त्यांनी ऐकलं होतं; त्यातली वर्षं तेवढी सोडून दिली होती. विष पायातून वर चढलं. दोन रविवार फोनवर आईच आली. "मानसं आलीत घरी, त्यांच्यात बसलेत," म्हणाली. त्याच दिवसांत विद्यापीठातल्या आमच्या विभागात माझं सादरीकरण होतं, ते चांगलं झालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आईनं सांगितलं. तोवर अंत्यविधी उरकून गेला होता.

पुढचा प्रयोग साखरेचा आजार असलेल्या उंदरांवर होता. त्यांच्यात दोन्ही पेप्टाइडं एकत्र देऊनही मिठाच्या पाण्यापेक्षा काही फरक पडला नाही. निरोगी उंदराची कातडी सैल असते, जखमेच्या कडा आपल्या आपणच ओढल्या जातात. आमच्या पेप्टाइडांनी पुष्कळसा जोर त्या ओढण्यालाच दिला होता; माणसाची जखम तशी भरत नाही. अण्णा ज्याची वाट बघत थांबले, ते त्यांच्यासाठी कधी नव्हतंच. हे ऐकायलाही ते नव्हते.

आणि माझ्यासारखे भिंगारहून बाहेर पडलेल्यांनो, तुमच्याही घरी अशी रीत असेल. आपण खुशाली विचारतो, ते खुशाली सांगतात, आणि दोन्हीकडची माणसं निवांत झोपतात.

आई अजून भिंगारलाच आहे. "सगळं बरं हाय," ती म्हणते. त्यावर माझा विश्वास नाही, हे तिला आता माहीत आहे. व्हिडिओ कॉल लागला की मी आधी म्हणते, "आई, मोबाईल खाली धर. पाय दाखव."

"मेले, तोंड बघ की माझं. पायात काय ठेवलंय?"

कुरकुरत ती मोबाईल खाली नेते. चित्र हलतं, मग थांबतं. धुतलेली फरशी, तिच्यावर टेकलेली दोन पावलं. ती अंगठे जरा वर उचलून दाखवते. माझं घर आता तेवढंच आहे, आणि मी ते जवळून बघते.