घसरत्या गाडीचा पिवळा दिवा

शनिवारी दुपारी मी ह्यांना डायलिसिसहून घरी आणत होते. ड्युअल कॅरेजवेचा मोठा हमरस्ता सोडून आमच्या रस्त्याकडे यायला एक वळण आहे, तिथे गाडीने आपणहून ब्रेक मारला. माझा पाय ब्रेकवर नव्हता. पुढचं एक चाक कुणीतरी धरून ठेवावं तसं झालं, गाडी तिरकी झाली आणि मागच्याने जोरात हॉर्न वाजवला. समोर पिवळा दिवा लागला होता: घसरणारी गाडी आणि तिच्यामागे दोन नागमोडी रेघा. दोन आठवडे तो अधूनमधून लागायचा आणि विझायचा. मी दुर्लक्ष करत होते.

घरी पोचल्यावर हे म्हणाले, "आता ही गाडी चालवायची नाही."

"मग मंगळवारी?"

"बघू."

मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार-चार तास. ब्रिस्टलच्या ज्या टोकाला आम्ही राहतो तिथून हॉस्पिटल पाऊण तासावर. हॉस्पिटलची व्हॅन मिळायची, पण ती सहा जणांना गोळा करत फिरायची. डायलिसिस संपल्यावर थकलेल्या माणसाला ती यायची वाट बघत दारातल्या खुर्चीत बसावं लागायचं, एकदा तर तीन तास. टॅक्सीत ह्यांना एकदा उलटी झाली होती, तेव्हापासून टॅक्सीचं नाव काढायची सोय नव्हती. ओळखीतल्या कुणाला आजार सांगितलेलाच नव्हता. मी गाडी घेऊन जायला लागले तेव्हा कुठे जरा मार्गी लागलं. त्याच सुमारास ह्यांनी मला सांगून ठेवलं होतं, "पुन्हा व्हॅनची वेळ आली तर मी हे बंद करीन." पेपरवाल्याला पेपर बंद करायला सांगावं त्या आवाजात. डॉक्टरांनाही विचारून आले होते. बंद केलं तर आठवडा, फार तर दहा दिवस. पस्तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी मला पोकळ धमकी कधी दिलेली नाही. म्हणूनच माझी पाचावर धारण बसली.

गॅरेजला फोन केला. दहा दिवसांनंतरची वेळ मिळाली. दुसऱ्या गॅरेजवाल्याने फोनवरच सांगितलं की बहुधा ब्रेकचं सगळं कंट्रोल युनिट बदलावं लागेल. ते मागवण्यातच आठवडा जाणार होता.

हे विमानांच्या कारखान्यात इंजिनियर होते. दोष शोधणं हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. पण आता त्यांना वाकता येत नव्हतं, आणि डायलिसिसच्या सुया ज्यात टोचायच्या त्या डाव्या हाताने काही उचलायचं नव्हतं. रविवारी सकाळी मी घरापुढच्या ड्राइव्हवेवर बागेतली खुर्ची मांडली, ह्यांना ब्लँकेट दिलं, लायब्ररीतून आणलेलं गाडीच्या दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक मांडीवर दिलं आणि स्वतः जुन्या सलवारीवर कोट चढवून जमिनीवर आडवी झाले.

पहिला प्रश्न त्यांनी तोच विचारला, जो ते कारखान्यात विचारायचे. "दिवा लागायच्या आधी काय बदललं?"

"काही नाही."

"टायर? बॅटरी? आत कुठे पाणी गेलं होतं?"

"नाही."

मी खोटं बोलले. इतकं सहज, की मलाही ते लगेच खरं वाटायला लागलं.

मग आम्ही चाकांच्या मागे लागलो. प्रत्येक चाकापाशी त्याचा वेग मोजणारा एक सेन्सर असतो. तो बिघडला की गाडीला आपण घसरतोय असं वाटतं. जॅक लावायचा, चाक काढायचं, चिखल पुसायचा, वायर सोडवायची, मीटर लावायचा आणि आकडा सांगायचा. हे वहीत लिहून घेत. रविवारी दोन चाकं झाली. सोमवारी उरलेली दोन. चारही आकडे जवळजवळ सारखे आले. चारही सेन्सर चांगले होते.

शनिवार ते मंगळवार हा मधला खंड मोठा असतो, अंगात पाणी साठत जातं. सोमवारी दुपारपर्यंत ह्यांचे पाय सुजून मोज्यांचे वळ उमटले होते. दोन वाक्यांमध्ये दम लागत होता. वही मिटून ते म्हणाले, "राहू दे आता. उद्या सकाळी फोन करून सांग, येत नाही म्हणून."

"व्हॅन बोलावते. एकदाच."

"नको सांगितलं ना."

ते आत जाऊन सोफ्यावर आडवे झाले. मी काळ्या हातांनी दारात उभी राहिले. दीड दिवस फुकट गेला होता आणि तो मी घालवला होता.

"आत पाणी गेलं होतं," मी म्हणाले.

"कुठे आत?"

"तुमच्या सीटखाली. तुम्ही गेल्या महिन्यात ॲडमिट होता ना, तेव्हा डबा आणताना आमटी सांडली. मग मी धुतलं."

"कशाने?"

"बादलीने. तीन बादल्या ओतल्या."

त्यांनी डोळे उघडले. "तीन बादल्या! अगं, ती गाडी आहे का मोरी?"

"हिंगाचा वास नुसता पुसून जातो होय?"

"काल विचारलं तेव्हा का नाही बोललीस?"

"तुम्ही ओरडला असता."

"ओरडायला दम आहे का माझ्यात?" ते म्हणाले आणि पुस्तकासाठी हात पुढे केला.

पुस्तकात होतं. गाडी स्वतःभोवती किती वळतेय हे मोजणारी एक डबी डाव्या सीटखाली, कार्पेटच्या आत. मी सीट मागे सरकवली आणि स्वयंपाकघरातल्या कात्रीने कार्पेट कापलं. खालचा फोम अजून पिळण्याइतका ओला होता. वास तर विचारूच नका. डबीचा प्लग काढला तर आतल्या पिना हिरव्या पडल्या होत्या. घासल्या, स्प्रे मारला, हेअर ड्रायरने वाळवल्या. गाडी सुरू करून कोपऱ्यापर्यंत नेली. दिवा लागला आणि वळणावर चाक पुन्हा अडलं.

परत आले तेव्हा मला रडू येत होतं, पण रडत बसायला वेळ नव्हता. "डबीच गेली आहे," मी सांगितलं.

ह्यांनी पुस्तकातलं ते पान पुन्हा उघडून वाचलं. मग म्हणाले, "प्लग काढून टाक."

"म्हणजे?"

"डबी चुकीचे आकडे पाठवते, म्हणून गाडी ब्रेक मारते. काहीच आलं नाही तर गाडी दिवा लावून गप्प बसेल. साधे ब्रेक चालतील. आपण जन्मभर असल्याच गाड्या चालवल्या."

मी प्लग काढला. टोकाला टेप गुंडाळली. मग एकटीच त्या वळणावर गेले. पाऊस होता. सहा वेळा ते वळण घेतलं, आधी हळू, मग नेहमीच्या वेगाने, मग त्याहून जरा जास्त. दिवा सारखा जळत होता. गाडी एकदाही अडली नाही.

मंगळवारी सकाळी मी ह्यांचा कोट हातात घेऊन सोफ्यापाशी उभी राहिले.  

"ओल्या रस्त्यावर बघितलीस?"

"सहा वेळा."

"ताशी तीस मैलांच्या वर नाही न्यायची."

"बरं."

त्यांनी कोटात हात घातला. शूज पायात शिरेनात, म्हणून सपाताच घालून निघाले. वळणावर त्यांनी दाराची मूठ धरली आणि पुढे पोचेपर्यंत सोडली नाही.

डायलिसिस युनिटमध्ये नर्सने ह्यांचं वजन केलं. शनिवारपेक्षा जवळजवळ चार किलो जास्त. तिने ह्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे रागाने बघितलं आणि विचारलं, वीकेंडला काय करत होतात?

"गाडी दुरुस्त करत होतो," हे म्हणाले, आणि खुर्चीत बसून डाव्या हाताची बाही वर सारली.