भूलवाले अण्णा

बेळगावपासून निपाणीपर्यंतच्या टापूत पेशंटला बेशुद्ध करणारे डॉक्टर पुष्कळ भेटतील; पण सर्जनला शुद्धीवर आणणारा एकच होता, आणि नेमका तोच माझ्या वाट्याला आला. दवाखान्यात सगळे त्यांना अण्णा म्हणत. 'भूलतज्ज्ञ' हा शब्द पेशंटांच्या तोंडात बसत नसे, म्हणून बाहेर ते 'भूलवाले अण्णा'. मूळचे निपाणीचे, राहायला बेळगावच्या कॅम्प भागात, माझ्याहून अठरा वर्षांनी मोठे, आणि कपडे असे की नवखे नातेवाईक त्यांना स्ट्रेचर ढकलायला सांगत. ते ढकलतही. मी मात्र सिंगापूरच्या परिषदेत मिळालेली निळी टोपी घालून, आरशात एकदा स्वतःकडे समाधानाने पाहून मगच ऑपरेशन थिएटरात शिरत असे.

अण्णांचा एक हट्ट होता. आपलं काय होणार आहे हे पेशंटने स्वतःच्या शब्दांत सांगितल्याशिवाय ते सुई हातात धरत नसत. मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, पण सांगा. येळ्ळूरच्या एका शेतकऱ्याला मी हर्निया समजावून सांगितला होता, तोही चित्र काढून. चित्र मला फारच सुबक वाटलं होतं. टेबलावर अण्णांनी त्याला विचारलं, "काय करणार हाईत डॉक्टर?"

"पोटातलं कायतरी काढणार हाईत म्हणं."

"काय काढणार?"

"त्ये त्यांस्नी ठावं. मोठी माणसं ती."

अण्णा माझ्याकडे वळले. "डॉक्टर, ह्यांना काय पत्ता न्हाय. परत सांगा."

मी हात धुऊन, दोन्ही पंजे वर धरून, पोलिसांना शरण आलेल्या चोरासारखा उभा होतो. तशाच अवस्थेत सांगितलं, की पोटाच्या भिंतीला भोक पडलंय, त्यातून आतडं बाहेर येतंय, ते आत ढकलून वर जाळी शिवायची. काढायचं काहीच नाही. शेतकऱ्याचा चेहरा खुलला. "म्हंजे रिपेरी हाय व्हय! मग तसं सांगायचं की."

पेशंट झोपल्यावर त्याच्याविषयी थट्टा चालत नसे. एकदा मी एका गृहस्थांच्या पोटाच्या घेरावर विनोद केला. सिस्टर हसल्या. अण्णा म्हणाले, "माफी मागा." मी म्हटलं, "अहो, त्यांना ऐकू कुठं जातंय?" "त्यांना जात नसंल. आपल्याला जातंय न्हवं?" शेवटी मी त्या बेशुद्ध गृहस्थांची रीतसर माफी मागितली. सिस्टर पुन्हा हसल्या, पण या वेळी मला.

मग सदलग्याच्या आक्का आल्या. निवृत्त शिक्षिका, सोबत नवरा आणि मुलगी. दुर्बिणीतून पित्ताशय काढायचं होतं. ते मी चाळीस मिनिटांत काढलं आणि दिवसभर भेटेल त्याला चाळीस मिनिटं सांगत सुटलो. तिसऱ्या दिवशी आक्कांना ताप भरला, पोट दगडासारखं झालं. पुन्हा उघडलं, तर आतड्याला बारीकसं भोक. माझ्याच हत्याराचं. ते शिवलं, पोट धुतलं. बाहेर आक्कांचे यजमान आणि मुलगी थांबले होते. मी मनात वाक्य जुळवू लागलो : 'आत जंतुसंसर्ग झाला होता, थोडी गुंतागुंत झाली.' वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. याबाबतीत माझं कसब खरोखर वाखाणण्यासारखं आहे.

अण्णा शेजारच्या नळावर हात धूत होते. "काय सांगणार त्यांना?"

मी वाक्य म्हणून दाखवलं. "होतं असं कधीकधी, अण्णा. पुस्तकात दिलंय."

"भोक पुस्तकानं पाडलं न्हाय."

"कोर्टात जातील ते."

"गेले तर जाऊ. मी येतो तुमच्यासंगट. आता तुम्ही सांगता का मी सांगू?"

मी सांगितलं. टोपी काढून सांगितलं, एवढं आठवतं. मुलगी ओरडली, "विश्वासानं आलतो आम्ही तुमच्याकडं!" यजमानांनी मुलीला मागं घेतलं. मग म्हणाले, "वाचंल का ती?" मी म्हटलं, "वाचतील असं वाटतं." "मग आधी तिकडं बघा. बाकीचं मागनं बोलू." आक्का वाचल्या. सोळाव्या दिवशी घरी जाताना म्हणाल्या, "डॉक्टर, राग हाय माझा तुमच्यावर. पण खरं सांगितलासा, म्हणून इथंच ऱ्हायलो." त्यानंतर ते कुटुंब माझ्याकडे कधी आलं नाही. मीही आलो नसतो.

एवढं झाल्यावर माणूस सुधारतो, असा माझाच समज होता. ज्युनिअर डॉक्टरांना मी प्रामाणिकपणावर प्रवचनं देऊ लागलो. आणि त्याच सुमाराला अण्णांचा उजवा हात कापू लागला. भूल द्यायला कण्यात सुई घालताना एकदा चुकली, मग दुसऱ्यांदा. मी छताकडे पाहिलं. थंडीने होत असेल म्हणून एसी कमी करायला सांगितला. असे दोन महिने गेले.

एके दिवशी सकाळी पेशंट पाठ वाकवून बसला होता. अण्णांनी सुई उचलली, हाताकडे पाहिलं आणि सुई ट्रेमध्ये ठेवली. वळसा घालून ते त्याच्या समोर गेले. "दादा, माझा हात बरोबर न्हाय. दुसऱ्या डॉक्टरांना बोलावतो. तासभर थांबावं लागंल." दुसरे डॉक्टर आले, ऑपरेशन नीट झालं. तोवर अण्णा बाहेर बाकावर बसून होते.

मी त्यांना गाडीतून कॅम्पात सोडायला निघालो. इतकी वर्षं मला 'डॉक्टर, तुम्ही' म्हणणारे अण्णा त्या दिवशी एकेरीवर आले.

"कवापासनं दिसत हुतं तुला?"

"दोन महिने."

"आणि बोलला न्हाईस."

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, अण्णा."

"वाटलं असतं की. पण पाठ कुणाची हुती?"

मी उगीचच हॉर्न वाजवला. घर आल्यावर अण्णांनी गाडीचं दार उघडलं. मग म्हणाले, "उद्या सकाळी केस हाय तुझी. भूल द्यायला नव्या डॉक्टरला आजच फोन करून ठेव." आणि उतरले. फाटकाची कडी त्यांना लवकर निघेना. मी गाडीतच बसून राहिलो. मदत केलेली त्यांना आवडायची नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

मग उतरलो.