मलिकाआपाचा उजवा हात

देगलुरात आमच्या गल्लीतल्या बायकांना मलिकाआपानं तीस वर्षं बांगड्या भरल्या. हात असा दाबायची, की नवऱ्याला कधी न घाबरलेल्या बायाही डोळे मिटून घ्यायच्या. काच तिलाही लागायची. अंगठा तोंडात घालून ती पुढची बांगडी उचलायची.

मागच्या वर्षी अंगठ्याच्या बुडाशी लागलेली काच मात्र बरी होईना. "रोज घासून धू, खरवडून काढ, मग हळद दाब," असं मीच सांगितलं. शहाणपणा माझा, सोसलं तिनं. खरवडेल तशी जखम पसरत गेली आणि कडा जांभळ्या पडल्या.

नांदेडच्या एका डॉक्टरांनी दोनदा खराब मांस कापलं. दोन्ही वेळा आठवड्यात जखम दुप्पट झाली. मग ते म्हणाले, असंच चाललं तर हात मनगटापासून काढावा लागेल. परतताना एसटीत माझ्या शेजारी बसून आपानं तो हात पदराखाली झाकून ठेवला.

तिचा मुलगा जावेद आणि मी तिला लातूरला चामडीच्या डॉक्टर शिवांगींकडं नेलं. त्यांनी कडा निरखून विचारलं, "साफ केली की वाढते का?"

"हाव," आपा म्हणाली. माझी मान खाली गेली.

"मग घासणं बंद, कापणं बंद."

लाखात एखाद्याला होणारा आजार तो, पायोडर्मा गँग्रिनोसम. शरीराचे राखणदारच, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी, बिथरून चामडीवर उठतात आणि डिवचलं की चवताळतात. पण दुसरं काही नाही ना, हे बघायला कडेचा कणभर तुकडा काढावाच लागणार होता. परत कापणं. आपानं डाव्या हातानं माझं मनगट आवळलं, ते तुकडा काढून झाला तरी सोडलं नाही.

स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. आठ दिवस पट्टी सोडताना मी दुसरीकडं बघायचे. नवव्या दिवशी ठणका उतरला. जखम भरायला पाच महिने लागले. डॉक्टरांनी बजावलं, काच लागली तर हे परत उठू शकतं.

संक्रांतीला आपा टोपली घेऊन दारात उभी. "हात वाचला तो काय शोभेला ठिवू?"

तिनं माझा हात धरला. पहिली बांगडी बोटांच्या हाडाशी अडली. तिला दाबवेना.

"तनुजा, लई भेव वाटायलंय."

मी बांगडी काढून घेतली. साबण लावून सगळ्या माझ्या मीच भरल्या. बांगड्या भरून झाल्या की भरणारीच्या पाया पडायची आमच्यात रीत आहे. मी आपाच्या पाया पडले.