पंचवीसला बाबा जातो

चुका सगळेच करतात हो. कोणी भाजीत दोनदा मीठ टाकतं, कोणी दुसऱ्याच्या चपला घालून घरी येतं. पण मी जी चूक करून बसलो, तिच्यापायी टेंभुर्णीहून जीप भरून माणसं रडत जालन्यात आल्ती! आता एवढं कळल्यावर तुम्ही मला थोडंच सोडणार? सांगतो, सगळं सांगतो. फक्त मधी मधी हसू नका, माझी लिंक तुटते.

जुन्या जालन्यात माझं कापडाचं दुकान हाये. पण दुकान पोटासाठी. जीव सगळा वादळ्यात!

वादळ्या कोण म्हणून विचारता? अरे देवा! आमच्या लहानपणीच्या कॉमिक्सचा हीरो. दिवसा घड्याळं दुरुस्त करणारा गरीब माणूस. पण एकदा का कानात वारं शिरलं, की हा उडालाच म्हणून समजा. त्याला ही विद्या शिकवली एका आंधळ्या म्हाताऱ्यानं. डोंगरात पिठाची गिरणी चालवणारा म्हातारा, त्याचं नाव नुसतं 'बाबा'. असे बत्तीस अंक निघाले आणि बंद पडले. बत्तीसच्या बत्तीस माझ्याकडं हायेत, प्लास्टिकच्या पिशव्यांत, कपाटात, कुलपात. बायकोचे दागिने त्याच्या खालच्या कप्प्यात, कुलपाबिगर. यावर बायको काय म्हणते ते इथं सांगण्यासारखं न्हाई.

वादळ्यावर बोलायला मला साऱ्या जगात एकच माणूस, फिरोज. लहानपणापासूनचा दोस्त, आता मोटारसायकलींचं गॅरेज चालवतो. आम्ही अंकांची नावं घेत न्हाई, नुसते नंबर बोलतो. "सातला काय मारामारी हाये यार!" "अकराची चित्रं बघ!" बाजूला बसलेल्याला वाटतं दोघं आकडा लावून राह्यले.

आता मामांकडं येऊ. मामा म्हणजे माझे सासरे, किसनराव, टेंभुर्णीचे. मोसंबीच्या बागेत पाय मुरगळून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. जालन्यात ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी सहा आठवडे खाटेवर राहायला सांगितलं. माणूस असा, की लेकीच्या घरी पाणी प्यायलासुद्धा दहादा विचार करणारा. पण आले ते थेट आमच्याकडंच. का? तर पोराशी भांडण! माझा मेहुणा प्रल्हाद म्हणत होता, जुनी मोसंबी काढून तिथं कोंबड्यांचं शेड टाकू. मामा म्हणाले, ज्या दिवशी त्या झाडाला कुऱ्हाड लागंल, त्या दिवशी मला बाप म्हणू नको. झालं! आठ महिने एका घरात राहून बापलेक बोलत नव्हते. ताट वाढताना "त्यांना विचार, भाकर पाहिजे का" असा कारभार.

तर मामा आमच्या खाटेवर. सकाळी आठपर्यंत पेपर संपायचा, अगदी 'हरवले आहेत' आणि सरकारी निविदा धरून. मंग दिवसभर मंगलच्या मागं. मंगल म्हणजे माझी बायको.

"मंगे, कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. तीनच पाहिजे होत्या."

खाटेवरून शिट्ट्या मोजायचे हो!

चौथ्या दिवशी मंगल माझ्यापुढं येऊन उभी. "अहो, बाबांना काहीतरी वाचायला द्या. न्हाई तर मी माहेरी जाते."

"अगं, माहेरच इथं येऊन बसलंय!"

तिनं ज्या नजरेनं बघितलं, त्या नजरेखाली मी कपाटाचं कुलूप उघडलं.

आयुष्यात पहिल्यांदा मी वादळ्या दुसऱ्या कोणाच्या हातात देणार, आणि तेही कोणाच्या? बहात्तर वर्षांच्या सासऱ्याच्या!

"मामा, हे वाचून बघा."

मामांनी चष्मा चढवला. मुखपृष्ठावर वादळ्या निळ्या कपड्यात पाण्याच्या टाकीवर उभा.

"हे तर लेकरांचं हाये."

"न्हाई मामा. एक वाचा. न्हाई आवडलं तर परत नाव काढणार न्हाई."

दुपारी दुकानातून जेवायला आलो, तर मामांनी बसायच्या आत विचारलं, "जावईबापू, हा उडून जातो, तेव्हा घड्याळाचं दुकान कोण बघतं?"

तीस वर्षांत हा सवाल मला पडला नव्हता!

"आणि उडता येतं तर हा चालत भाजी आणायला कशाला जातो?"

"लोकांना कळू नये म्हणून, मामा."

"हं." मंग हळूच, दुसरीकडं बघत म्हणाले, "दोन नंबर आणा."

काय सांगू, मला गल्लीत पेढे वाटावेसे वाटले! रोज एक अंक द्यायचा असं ठरलं. मामा रात्रीच्या गोळीसारखी अंकाची वाट बघायचे. शिट्ट्या मोजणं बंद. मंगल खूश. आणि सगळ्यात आवडला कोण, तर गिरणीवाला बाबा. "बराबर माझ्यासारखा हाये. कोणाच्या बापाचं ऐकत न्हाई," म्हणायचे.

इथंच मला घोर लागला. कारण पंचविसाव्या अंकात बाबा मरतो.

त्या दिवशी तारीख होती बावीस, आणि मामांचा वीस नंबर चालू होता. दुकानात होतो. फिरोजचा मेसेज आला, "ससुरजी कहाँ तक पहुँचे?" त्याच वक्ताला वरून मंगलच्या माहेरच्या ग्रुपवर कोणीतरी फुलांचा फोटो टाकला. माझ्या एका हातात मीटरची पट्टी, दुसऱ्या हातात फोन, आणि समोरून बस्त्याची पार्टी दुकानात शिरत होती. लग्नाच्या खरेदीची तेरा माणसं! मी घाईघाईत अंगठा दाबला आणि बोललो. काय बोललो, शब्द न शब्द पाठ हाये, कारण नंतर तो मला नऊ वेळा ऐकवण्यात आला:

"म्हातारं लई मजेत हाये रे. त्याला काही पत्ता न्हाई. पंचवीसला बाबा जातो. मी मुद्दाम सांगितलं न्हाई, चार दिवस हसत-खेळत राहू दे. रडंल बिचारं. पण जाऊ दे, सव्वीसपासून खरी मजा!"

पाठवलं. फोन सायलेंट केला, गल्ल्यात टाकला आणि पैठण्या उलगडायला लागलो.

तुमच्या ध्यानात आलं ना? फिरोजला न्हाई, तो आवाज सासरच्या ग्रुपवर गेल्ता! आणि मंगलच्या माहेरी मामांना सगळे काय म्हणतात? बाबा!

बस्ता तीन तास चालला. मी फोन बाहेर काढलासुद्धा न्हाई. त्याच्यावर मंगलचे अकरा कॉल पडले होते, हे मला नंतर कळलं. मी आपला गाणं गुणगुणत घरी जेवायला निघालो.

गल्लीच्या तोंडाशीच जीप उभी. दारात चपलांचा ढीग. मला वाटलं, मामांना भेटायला आली मंडळी, चांगलं झालं. आत गेलो तर मामांच्या खाटेभोवती ही गर्दी! प्रल्हाद खाली जमिनीवर बसून मामांचा चांगला पाय चेपून राह्यला. जो पोरगा आठ महिने बापाशी बोलला न्हाई, तो पाय चेपून राह्यला! मामांच्या मोठ्या बहीण, गयाआत्या, राजूरच्या गणपतीचा अंगारा घेऊन आल्त्या. तो कपाळाला लावून लावून मामांचं तोंड करडं करून टाकलेलं.

"बाबा, तुमची मोसंबी राहू द्या," प्रल्हाद नाक ओढत म्हणाला. "एकाही झाडाला हात लावणार न्हाई मी. शेड-बीड काही नको."

मामा बावरून इकडंतिकडं बघायले. "अरे, पण झालं काय तुला?"

"काही न्हाई बाबा. तुम्ही फक्त खुश राहा."

माझे तर डोळे भरून आले. मी मनात म्हणलं, चला, बापलेकांचं जुळलं! तेवढ्यात मंगलनं माझी बाही धरली आणि मला सैपाकघरात ओढलं. मागून प्रल्हाद आणि आत्या आल्या. दार लावलं. तिघांचेही डोळे लाल.

"दाजी," प्रल्हाद हळू आवाजात म्हणाला, "डॉक्टर काय म्हणले, खरं खरं सांगा."

"डॉक्टर? सहा आठवडे म्हणले."

"सहा आठवडे? मंग तुम्ही पंचवीस कसं म्हणलात?"

आता बघा माणसाची अक्कल कशी पेंड खाते. पंचवीस ऐकलं आणि मला वाटलं, हा पण वाचतो! मेहुणा आपल्यातला निघाला!

"हां, पंचवीस!" मी खुशीत म्हणलं. "पंचवीसला जाणारच की! त्याला इलाज न्हाई. अरे वा, तू कधी वाचलंस?"

"वाचलं न्हाई, ऐकलं!"

"मंग खरी मजा गेली तुझी. पण मरण काय झकास हाये! नुसतं शांत. गिरणी बंद पडते आणि—"

आत्यांनी तोंडाला पदर लावला आणि बसकणच मारली. मंगल पुढं आली. "अहो, माझा बाप जाणार आणि सव्वीसपासून तुम्हाला मजा? कसली मजा? सांगा ना, कसली?"

"अगं, तो एकटा पडतो ना, मंग त्याची खरी ताकद..." बोलता बोलता मी थांबलो. 'माझा बाप' असं म्हणली का ही?

प्रल्हादनं फोन काढला आणि आवाज पूर्ण मोठा करून माझंच बोलणं मला ऐकवलं. "म्हातारं लई मजेत हाये रे..."

भाऊसाहेब, पायाखालची फरशी सरकली म्हणतात ना, ती मी प्रत्यक्ष सरकताना बघितली. "सव्वीसपासून खरी मजा" हे वाक्य तर माझ्याच कानाला असं लागलं, की माझाच मला राग आला.

"अरे, तो बाबा वेगळा हाये!" मी ओरडलो. "गिरणीवाला! कॉमिक्समधला!"

कोणी विश्वास ठेवंना. कसे ठेवतील? मंगलनं लग्नापासून वादळ्याचं एक पान उलटलेलं न्हाई. प्रल्हाद म्हणाला, "दाजी, अशा टायमाला तरी खोटं बोलू नका."

तेवढ्यात बाहेरून मामांचा आवाज आला. "सगळे इकडं या."

झालं! दाराला फटी, आणि मामांचे कान तिखट. तो आवाज मामांनी ऐकला होता.

आम्ही रांगेनं बाहेर आलो, वर्गाबाहेर उभं केल्यासारखे. मी धावत कपाट उघडलं, पंचवीस नंबर काढला आणि सगळ्यांपुढं शेवटची पानं धरली. ही बंद गिरणी. हा बाबा. ही त्याची काठी. हा रडणारा वादळ्या. प्रल्हादनं पान बघितलं, मला बघितलं, परत पान बघितलं. मंग तो जो हसायला लागला, की हसता हसता रडायला लागला आणि बापाच्या गळ्यातच पडला. मामांनीही त्याच्या पाठीवर हात ठेवला. आठ महिन्यांनी! आत्यांनी माझ्या पाठीत पिशवी हाणली, अंगाऱ्याची पुडी तेवढी आतून काढून घेतल्यावर. मंगल मात्र भिंतीला टेकून नुसती श्वास घेत होती. तिच्याकडं बघून मला पहिल्यांदा खरं वाईट वाटलं. तीन तास ह्या बाईनं बापासमोर हसरं तोंड ठेवलं होतं.

एक माणूस मात्र हसंना. मामा. मान खाली, नजर चादरीवर.

मी हात जोडले. "मामा, माफ करा. म्हातारं म्हणलो तुम्हाला. चुकलं माझं."

"म्हातारा तर हायेच मी. त्याचं काही न्हाई."

"मरणाचं बोललो..."

"मरण तर कोणाला सुटलंय? त्याचंही काही न्हाई."

"मंग मामा?"

मामांनी मान वर केली. डोळ्यांत पाणी!

"बाबा मरतो?"

मी खाटेवरचा पंचवीस नंबर उचलून पाठीमागं लपवला.

"मी वीस नंबरला होतो, जावईबापू! वीस!" त्यांचा आवाज फुटला. "पाच दिवस! पाच दिवस अजून तो जित्ता होता माझ्यासाठी!"

प्रल्हादनं वचन मागं घ्यायचा एकदा प्रयत्न केला. "बाबा, आता तसं काही झालंच न्हाई तर शेडचं..." मामांनी नुसतं बघितलं. मोसंबी वाचली ती वाचलीच.

मंग जेवणं झाली. जीपवाल्यालाही पोटभर वाढलं. आत्या म्हणाल्या, "किसना, एवढं रडतो म्हंजे हाये तरी काय त्या पुस्तकात? आम्हाला बी ऐकव." मामांचं तोंड खुललं. एक नंबर मागवला. प्रल्हाद मोठ्यानं वाचायला बसला, सगळी मंडळी गोल करून. माझ्या घरात, टेंभुर्णीची आठ माणसं, वादळ्या! मला काय वाटलं असंल, सांगा! मी लगबगीनं आत्यांच्या बाजूला जागा केली आणि म्हणलं, "आत्या, आता बघा हां, इथं पुढं..."

मामांनी हात वर केला.

"जावईबापू, तुम्ही भाईर बसा."

गेलो. ओट्यावर, खिडकीखाली. आत प्रल्हाद वाचून राह्यला, मी बाहेरून ऐकून राह्यलो. एक शब्द बोललो न्हाई, आईशप्पथ. तेवढ्यात आत्यांनी विचारलं, "हा तोंड बांधलेला कोण रे प्रल्हाद, जो रात्री दुकान फोडून जातो?"

"म्हाईत न्हाई आत्या. अजून आलं न्हाई."

आता तुम्हीच सांगा, तीस वर्षं जे पोटात ठेवलं, ते कोणी असं समोरून विचारल्यावर राहवतं का माणसाला? मी खिडकीच्या गजाला तोंड लावलं.

"आत्या, तो वादळ्याचा सख्खा भाऊ हाये!"

मंग खाट करकरली, आणि ज्या माणसाला डॉक्टरांनी सहा आठवडे हलायला मनाई केली होती, त्यानं स्वतः काठी लांबवून माझ्या तोंडावर खिडकी लावून घेतली.