दामिनीचा आवाज

गोकुळाबाईच्या आवाजावर माझा जुना राग आहे. मूल गावच्या मासळी बाजाराला लागून माझं शिलाईचं दुकान. तिने हाक दिली की माझा पाय मशीनवर जोरात पडतो आणि टीप वाकडी जाते. तिच्यापायी किती ब्लाउजांच्या बाह्या उसवाव्या लागल्या, अल्ला जाणे. बोललो की म्हणते, "जलालभाऊ, तुमी कानात कापूस घाला ना. मी काऊन तोंडात घालू?"

तिचा नवरा इस्तारी गावच्या तळ्यात जाळं टाकतो आणि गोकुळाबाई ते मासे बाजारात विकते. त्यांची लेक दामिनी लहानपणी माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून अभ्यास करायची आणि मधेच आईच्या सुरात सूर मिळवून ओरडायची. मग कॉलेजात गेली. तिथे एका मुलीने भर वर्गात तिच्या आईच्या हाकेची नक्कल केली, सगळे खो खो हसले, आणि पोरीचा आवाज जो बसला तो बसलाच. बाजारात यायची बंद झाली. बोलली तरी ओठातल्या ओठात. हे तिने मला सांगितलं, आईला नाही. त्या हसणाऱ्यांचा मला आजही संताप येतो.

धावण्यात मात्र तिचा हात कोणी धरणार नाही. सैन्यातल्या मुलींच्या भरतीत ती पहिल्याच फटक्यात निवडली गेली आणि ट्रेनिंगला बंगळूरला गेली. पळणं, रांगणं, बंदूक, सगळं जमलं. घोडं अडलं ते आवाजात. तिथे प्रत्येकीला मैदानात उभं राहून तुकडीला आज्ञा द्यावी लागते, आणि दामिनीचं 'सावधान' पहिल्या रांगेलाही ऐकू जात नव्हतं. दोनदा नापास झाली. शिकवणाऱ्या उस्तादांनी स्पष्टच सांगितलं, आता नापास झालीस तर सोबतच्या मुली पुढे जातील आणि तू मागच्या तुकडीत जाशील.

मुलींना रविवारी फोन मिळतो, आणि रविवार म्हणजे मासळीवर गिऱ्हाईक तुटून पडायचा दिवस. फोन वाजला तेव्हा गोकुळाबाईचे दोन्ही हात खवल्यांनी भरलेले, म्हणून मीच तो स्पीकरवर टाकून तिच्यासमोर धरला. पलीकडे पोरगी रडत होती.

"माय, मले नाई जमून राह्यलं. मले घरी यायचं हाय."

गोकुळाबाई काही बोलणार, तेवढ्यात एकाने रोहू उचलून पाहिली. "थांब वं, गिऱ्हाईक हाय," ती म्हणाली. मी फोन बर्फाच्या पेटीवर ठेवला आणि दुकानात गेलो, कारण तिथे एक बाई गळ्याच्या मापावरून माझ्याशी भांडायला उभी होती. गोकुळाबाई फोन साफ विसरली.

"शिळी दिसते," म्हणत त्या माणसाने मासा आपटला आणि निघून गेला. गोकुळाबाईने पदराने कपाळ पुसलं आणि पुढची हाक आधीच्याहून मोठी दिली. "रोहूऽऽ, तळ्याची रोहूऽऽ, ताजी ताजीऽऽ!"

शेजारी बसणारी नीलाबाई वैतागली. "समोर उभे हायत त्याह्यले सांग ना. पार बसस्टँडापर्यंत काऊन बोंबलून राह्यली?"

"जवळच्याले तं मासोळी दिसतेच," गोकुळाबाई म्हणाली. "आवाज दूरच्याले द्या लागते. अन् एक पाठ फिरवून गेला मनून आवाज लहान केला, तं दुसरा कसा येईन?"

बऱ्याच वेळाने, मी परत आलो तेव्हा, तिला फोन आठवला. "दामू, हायस का वं?"

"हाय माय. सारं आयकलं." पोरगी हसत होती.

गोकुळाबाई चक्रावली. "पाहा बरं भाऊ, आता रडे, आता हासते."

पुढच्या रविवारी दामिनीने आईला 'पास' एवढंच सांगितलं आणि मग मला फोन करून सगळी कहाणी सांगितली. परीक्षेत तिने तुकडीकडे पाहिलंच नाही. मैदानाच्या पार टोकाला एक झाड होतं, त्याला आज्ञा दिली. आवाज दणदणीत गेला, पण शेवटी बाजाराचा हेल लागला, अगदी रोहू विकल्यासारखा. अख्खी तुकडी फिसकन हसली. असल्याच हसण्याने एकदा तिचा आवाज गिळला होता.

"मंग?" मी विचारलं.

"मंग काय चाचा, एक गिऱ्हाईक गेलं असं धरलं. दुसरी हाक त्याच्याहून मोठी देल्ली."

उस्ताद म्हणाले म्हणे, "सुर ठीक करो, आवाज को हाथ मत लगाना." मी त्या दिवशी सगळ्या मासळीवाल्यांना चहा पाजला. मी चिक्कू माणूस, बाजाराला अजून ते खरं वाटत नाही.

ट्रेनिंग संपल्यावरच्या परेडला आम्ही तिघं गेलो, इस्तारी, गोकुळाबाई आणि मी. गोकुळाबाईचा नवा ब्लाउज मीच शिवला होता. एक टीप वाकडी नाही, कारण शिवायच्या दिवशी तिला बाजारात बसूच दिलं नव्हतं. बल्लारशाहून गाडीत बसल्यापासून ती डब्यातल्या प्रत्येकाला सांगत होती, माझी पोरगी फौजेत आहे. कोणी मधे बोलू शकलं असेल तर शपथ.

मैदानात सगळ्या मुली एकसारख्या गणवेशात, एकसारख्या टोप्यांत. गोकुळाबाई डोळे बारीक करून शोधत होती, पण आपली कोणती ते तिला कळेना. कासावीस झाली बिचारी. मग पलीकडच्या टोकावरून आज्ञा आली, मोकळी, भरलेली, आमच्या डोक्यावरून पार मागच्या भिंतीपर्यंत गेलेली. शेकडो पाय एकदम थांबले.

गोकुळाबाईने माझी बाही घट्ट धरली.

"भाऊ, हा तं माया आवाज व्हय."

"तुमचाच, बाई."

"मले वाटे, पोरीले मायी लाज वाटते. मनून बाजारात येत नाई," ती म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं. इस्तारीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

इतकी वर्षं हे मनात घेऊन ही बाई माझ्या दुकानाशेजारी रोज हाक देत होती, आणि एक दिवसही तिने आवाज लहान केला नव्हता.