पिळलेला जोड

देव आणि वीज, दोघांनाही कुणी पाहिलेले नाही. पाहिला तो त्यांचा प्रसाद, आणि पाहिला तो त्यांचा कोप. गाड्यांचे वायरिंग दुरुस्त करणाऱ्या त्या गृहस्थाने हे कधी बोलून दाखवले नाही, पण तीस वर्षे तो जगला ते याच श्रद्धेवर. बॅटरीची तार सोडवण्याआधी तो हात जोडायचा, मगच पाना उचलायचा. गळ्यात कायम टेस्ट लॅम्प: एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला सुई, मध्ये बोटाएवढा दिवा. त्यावरून सारा रस्ता त्याला 'कंदील' म्हणे. बायको म्हणे, "जगाच्या गाड्यांत उजेड पाडतात, आणि आमच्या मोरीतला दिवा जाऊन दोन महिने झाले!" तो हसे. हसण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता.

त्या दिवशी मात्र त्याला हसू आले नाही. साडेअकराच्या सुमारास त्याची धाकटी बहीण शाळेची व्हॅन घेऊन दुकानासमोर आली. नवरा गेल्यापासून ती व्हॅन तीच चालवत होती. नऊ मुले, सकाळी पोचवायची, चारला आणायची. ती उतरली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते.

"दादा, आज फाटकात बंद पडली."

"फाटकाजवळ?"

"जवळ नाही रे, फाटकात! पुढची चाकं रुळांपलीकडे, मागची रुळांच्या मधोमध, आणि नऊच्या नऊ मुलं आत. मी किल्ली फिरवतेय, फिरवतेय... फाटकवाला लाल झेंडा घेऊन धावत सुटला. चाळीसपर्यंत मोजून झाल्यावर चालू झाली. मागे एक चिमुरडी मोठ्यानं आकडे म्हणत होती. तिला वाटलं, खेळच आहे."

"याआधी कधी?"

"दोनदा. तिथंच. मला वाटलं, माझाच क्लच चुकला."

"बंद पडली तेव्हा डॅशबोर्डवरचे दिवे गेले, की राहिले?"

"राहिले. सगळे लाल."

त्याने मान हलवली. दिवे राहिले, म्हणजे बॅटरी शाबूत, मुख्य जोडणी शाबूत. इंजिनाला एकतर ठिणगी मिळत नव्हती, नाहीतर पेट्रोल. त्याने व्हॅन चालू केली. तारेचा प्रत्येक जुडगा हलवला, रिलेवर पेचकसाच्या मुठीने टकटक केले, फ्यूज काढून पाहिले, पुन्हा बसवले. तास गेला. व्हॅन तान्ह्या लेकरासारखी शांत घुरघुरत राहिली. जो दोष समोर येतो त्याच्याशी भांडता येते. जो लपून बसतो तो आपली वेळ निवडतो, आणि आपली जागाही.

"दुसरी गाडी मिळेल का चारला?"

"सगळ्यांना फोन केले. जो तो आपापल्या फेरीवर. आणि फाटक ओलांडल्याशिवाय एकही मूल घरी पोचत नाही. उतरवून चालत नेऊ का?"

"आज नेशील. उद्या? परवा?"

त्याने मागच्या सीटखाली पेट्रोलच्या पंपाला जाणारी तार शोधली, तिला टेस्ट लॅम्प जोडला, आणि लांब तार ओढून दिवा समोरच्या आरशाला टांगला. "हा दिवा जळतोय तोवर पंपाला वीज आहे. विझला, की दोष याच तारेत. चल, फाटकावर."

फाटकवाल्याने कपाळाला हात लावला. "ताई, हे फाटक आहे, तुमचं अंगण नाही! पुढची रेल्वे यायला वीस मिनिटं आहेत. त्याच्या आत काय ते उरका."

रिकामी व्हॅन रूळ ओलांडून गेली. दिवा जळत राहिला. परत आली, दिवा जळत राहिला. तिसऱ्या खेपेस मागच्या चाकांनी रुळाचा हिसका खाल्ला, आणि आरशाखालचा दिवा गेला. लुकलुकला नाही, मंदावला नाही. कुणी डोळा मिटावा तसा मिटला. पाठोपाठ इंजिन थांबले. त्या शांततेत दोन्ही बाजूंना रूळ तेवढे चमकत होते, सरळ, लांबवर, रिकामे.

तिघांनी मिळून व्हॅन ढकलत बाजूला घेतली. कंदील आत वाकला आणि तारेच्या मागोमाग बोटे सरकवत पुढे आला. बहिणीच्या सीटखालच्या गालिच्यात एक उंचवटा हाताला लागला. त्याने दाबला, दिवा लागला. सोडला, विझला.

गालिचा उचकटला, आणि तो जागच्या जागी थिजला. एक छोटा खटका. त्याला जोडलेल्या तारा नुसत्या पिळलेल्या, आतून हिरव्या पडलेल्या. वर काळी कापडी टेप, आणि तिचे शेवटचे टोक आत दुमडलेले. पुढे कधी सोडवताना नख लागावे म्हणून टेपेचे टोक दुमडण्याची खोड अख्ख्या रस्त्यात एकाच माणसाला होती.

"दादा? काय सापडलं?"

"मी," तो म्हणाला. "मी सापडलो."

चार वर्षांपूर्वी गाड्यांच्या चोऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. लोक रांग लावून त्याच्याकडून चोरखटके बसवून घेत: सीटखाली गुपचूप खटका दाबला की पंप बंद, चोराने किल्ली फिरवून फिरवून मरावे. मेहुणाही हीच व्हॅन घेऊन आला होता. सोल्डरिंगची सळई तापायला वेळ लागे आणि रांग संपत नसे, म्हणून त्याने जोड पिळले, टेप गुंडाळली आणि प्रत्येकाला सांगितले, "आठवड्यानं या, पक्कं करून देतो." चालत्या गाडीला पुन्हा हात कोण लावून घेतो? एकही आला नाही. मेहुणा गेला, आणि खटक्याचे गुपित त्याच्याबरोबर गेले.

बहिणीने सगळे ऐकले. आधी ती संतापली. "तीन महिने मी माझ्या पायाला दोष देतेय! देवापुढं नाक घासलं की, बाबा, माझा पाय सुधार!" मग एकाएकी तिचा आवाज उतरला. "दादा, असे किती गाड्यांना बसवलेस?"

तो टेपेचे दुमडलेले टोक नखाने सोडवत राहिला.

"लिहून ठेवलं असशील ना?"

"गुपित ते. लिहायचं नाही, असं कबूल केलं होतं. चाळीस असतील. जास्तही."

त्याने खटका मुळापासून उपटला, नवी तार घातली, कथील ओतून जोड पक्का केला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. चारला तो बहिणीशेजारी बसला. रूळ आले, हिसका आला. दिवा जळत राहिला. "काका, आज मोजायचं नाही?" मागून चिमुरडीने विचारले. "नाही गं राणी," तो म्हणाला, आणि त्याने तोंड खिडकीकडे फिरवले.

दुसऱ्या दिवसापासून दुकान दुपारनंतर उघडू लागले. सकाळी सातला कंदील फाटकाशी उभा असे, कारण गावातल्या प्रत्येक गाडीला तिथूनच जावे लागे. चेहरा ओळखीचा वाटला की तो हात जोडून आडवा येई: "माउली, चार वर्षांपूर्वी माझ्याकडून खटका बसवला होता का? दहा मिनिटं द्या." काही थांबले. काहींनी शिव्या घातल्या. काहींना आठवतच नव्हते. महिन्याभरात अकरा जोड पक्के झाले. उरलेले रस्त्यांवर फिरत होते, काळ्या टेपेत गुंडाळलेले, मुकाट.

एकदा करड्या रंगाचा एक टेम्पो आला. चालवणाऱ्याने काच खाली केली. "अरे कंदील! खटका ना? आहे की! झकास चालतेय गाडी."

"थांबा. हात जोडतो. दहाच मिनिटं."

"चालत्या गाडीला कशाला हात लावतोस? अपशकुनी कुठला!" तो मोठ्याने हसला आणि गिअर टाकला. त्याच क्षणी फाटकाची घंटा वाजू लागली. दांडा हळूहळू खाली येऊ लागला, आणि टेम्पो त्याच्या खालून आत शिरला.

कंदिलाचे ओठ नामात हलत होते, डोळे मागच्या चाकांवर खिळले होते. पहिला रूळ. हिसका. दुसरा रूळ. हिसका.

टेम्पो गेला. आजच्यापुरता गेला. चालवणाऱ्याने मागे न बघता खिडकीतून हात हलवला. रूळ थरथरू लागले, आणि दांड्याच्या अलीकडे थांबलेल्या पहिल्या गाडीच्या काचेवर कंदिलाने बोटाने टकटक केले.